मिस्त्रीणबाईची खुर्ची

मिस्त्रीची उभी हयात तोंडात खिळे धरण्यात गेली. खुर्च्या-सोफ्यांच्या गाद्या भरायच्या, वर कापड ताणायचं आणि ते सैल पडायच्या आत बारीक खिळ्यांनी ठोकून टाकायचं, हा त्याचा धंदा. एका हातात कापड, दुसऱ्यात हातोडी. मग खिळे ठेवायचे कुठे? ओठांत. जिभेने एकेक पुढे ढकलायचा, हातोडीच्या लोहचुंबकाला चिकटवायचा आणि ठोकायचा. अशा माणसाला बोलायची सवय लागणार कशी? गिऱ्हाईक विचारायचं, "मंगळवारपर्यंत होईल का?" मिस्त्री म्हणायचा, "हं." बायको विचारायची, "जेवायला वाढू का?" तरी "हं." दोन्ही हं वेगळे होते, पण त्यातला फरक फक्त बायकोला कळायचा.

बायकोला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत. हे नाव तिला नुसतं लग्नात मिळालेलं नव्हतं. तिच्यावाचून दुकानातून एक खुर्ची बाहेर पडत नसे. दुकान पुढे, घर मागे. खुर्ची पुरी झाली की मिस्त्री चौकटीवर दोनदा टकटक करायचा आणि मागच्या दाराकडे न बघताच म्हणायचा, "बस बघू." मिस्त्रीणबाई हातातलं टाकून, ओले हात झटकत यायची, बसायची, डोळे मिटायची. मग निकाल. "डावीकडे गोळा आहे." किंवा, "मांडीखाली धार लागते." एकदा एका वकिलाने दिलेल्या खुर्चीवर बसून म्हणाली, "आलेला माणूस लवकर उठून जावा असं वाटत असेल तर उत्तम आहे." मिस्त्री वाद घालत नसे. खिळे उपटायचा, गादी उसवायचा, पुन्हा भरायचा. शिव्या मनातल्या मनात देत असेल. तोंड मोकळं नव्हतं.

याचा परिणाम असा झाला की शहरातल्या निम्म्या बैठकीच्या खोल्यांत लोक मिस्त्रीणबाईच्या पाठीच्या मापाने बसू लागले. आणि ती स्वतः? स्वयंपाकघरात, लोखंडी स्टुलावर. घरात एक सोफा होता, पण त्याची स्प्रिंग अशी वर आली होती की बसणाऱ्याला आपण कुणाला तरी त्रास देतोय असं वाटावं. मिस्त्रीणबाईने खुर्ची मागितली की मिस्त्री म्हणायचा, "एवढं गिऱ्हाईक झालं की तुझीच." ते गिऱ्हाईक व्हायचं, दुसरं यायचं.

गेल्या वर्षी मिस्त्रीने दुकान बंद केलं. ज्याने विचारलं त्याला सांगितलं, "कंटाळा आला." खरं कारण होतं डाव्या हाताचा अंगठा. खुर्चीच्या गादीखाली जाडे पट्टे असतात, चौकटीवर उभे-आडवे विणलेले. बसणाऱ्याचा सगळा भार त्यांच्यावर. पट्टा जीव खाऊन ओढायचा आणि खिळा बसेपर्यंत केसभरसुद्धा सैल पडू द्यायचा नाही. सगळी कारागिरी त्या ओढीत. बाकीचं कापड काय, कुणीही लावतं. मिस्त्रीचा अंगठा आता धरत नव्हता. ऐन ठोकायच्या क्षणी पट्टा बोटांतून निसटायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. कंटाळा आला म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत आणि कीवही करत नाहीत.

प्रवासाची टूम निघाली ती साडूच्या डोक्यातून. साडू म्हणजे मिस्त्रीणबाईच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, नवरा. कचेरीत होता. दुसऱ्यांनी केलेल्या कामावर सह्या करत निवृत्त झाला आणि त्यातच दमलो म्हणून सगळ्यांना सांगत होता. तर दोन जोडपी, टूरवाल्याची एक गाडी, आणि कुठे काय बघायचं, कशापुढे उभं राहून फोटो काढायचा, सगळं साडूच्या हाती.

त्या सकाळी लॉजवर नाश्त्याच्या टेबलाशी साडूने विषय काढला.

"मग मेहुणीबाई, नव्या सोफ्याचं काय ठरलं? दुकानदार माझ्या ओळखीचा आहे. आज कळवतो म्हणून सांगितलंय त्याला. उद्या तो सोफा दुसऱ्या कुणाला देऊन टाकेल."

"आहे तरी कसा?" ताईने विचारलं.

"मागे रेललं की पाय आपोआप वर येतात."

"कुणाचे?" मिस्त्री म्हणाला.

"बसणाऱ्याचे हो! सोफ्याचे कसे येतील?"

"हं."

मिस्त्रीणबाईने कप खाली ठेवला. "आधी मला वाटायचं, बाजारचा सोफा आणला तर लोक काय म्हणतील. पण लोक काय, मजेत खुर्चीवर बसून म्हणतील. कंबर माझी मोडते. आणि हे वर्षभर मोकळे आहेत, भाऊजी. मोकळे! हातोडी हातात धरली नाही. खिडकीशी उभे राहून रस्ता बघतात. तेव्हा मी काय ते समजले. संध्याकाळी सांगते तुम्हाला. बहुतेक हो म्हणूनच सांगेन."

मिस्त्री पावाच्या तुकड्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे दोन हमाल उभे राहिले. जिथे त्याने जन्म काढला त्या पुढच्या खोलीतून ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सोफा आत नेताहेत, आणि सगळी गल्ली बघतेय, मिस्त्रीच्या घरात विकतचा सोफा. ते थांबवायचं तर आज संध्याकाळच्या आत. त्याला उपाय एकच, खुर्ची करून देतो म्हणायचं. ती करणं हातात नव्हतं. नाहीतर अंगठ्याचं सांगायचं. ते त्याहून अवघड. त्याने पाव चहात बुडवला, तो तुटून कपात पडला, आणि मिस्त्री चमच्याने तो काढत बसला.

"आज डेकोरेटिव्ह आर्ट्सचं म्युझियम," रस्त्याने चालताना साडूने जाहीर केलं.

"ते काय असतं?" मिस्त्रीणबाईने विचारलं.

"शोभेच्या वस्तू. जुन्या श्रीमंतांच्या घरातलं कलाकुसरीचं सामान."

"म्हणजे वापरायचं नाही असलं," ताई म्हणाली. "आमच्या कपाटात वरचा खण भरलाय त्याने. तिकीट लावू का?"

इमारत म्हणजे कुणा शेठजीचा जुना बंगला. दरवाजा एवढा उंच की त्याच्या कड्या पुसायला शिडी लागावी. मिस्त्रीने आधी कड्याच बघितल्या. लखलखीत होत्या. कुणीतरी चढत होतं म्हणायचं. साडूने दारातच कानाला लावायचं यंत्र भाड्याने घेतलं. प्रत्येक वस्तूसमोर यंत्र त्याला माहिती सांगे आणि साडू ती जशीच्या तशी उरलेल्या तिघांना सांगे, जणू रात्रभर जागून पाठ केली होती.

पहिल्या खोलीत पलंग. चार खांब, वर छत, छताला झालर, झालरीला गोंडे, आणि चढायला लाकडी पायऱ्या.

"या पलंगावर," साडू म्हणाला, "मालक रोज सकाळी लोकांच्या भेटी घेत असे."

"झोपून?" ताईने विचारलं.

"तशी पद्धत होती."

"अरे वा. तुम्ही उशिरापर्यंत लोळता ती पद्धतच आहे होय. मी उगीच बोलते."

मिस्त्री वाकून गादी बघत होता. केवढी जाड! ती उलटायची तर चार माणसं हवीत, आणि चारही जेवलेली. पाटीवर मालकाचं नाव होतं, त्याच्या बापाचं होतं, पायाशी झोपणाऱ्या कुत्र्याचंसुद्धा होतं. गादी उलटणाऱ्यांपाशी येईतो पाटीवरची जागा संपली होती.

दुसऱ्या दालनात चिनीमातीची भांडी. एका ताटाच्या तळाशी मासा, काठावर बेडूक, आणि मधोमध वेटोळं घालून बसलेला हिरवा साप. सगळे मातीचेच, पण हुबेहूब.

"यात जेवायचे?" मिस्त्रीणबाई म्हणाली.

"शोभेचं आहे ते," साडू यंत्र ऐकत म्हणाला.

"तरीच. या सापाच्या वेटोळ्यात अडकलेलं शीत घासून काढायची पाळी आली असती ना, तर हे ताट आजपर्यंत टिकलंच नसतं. कुणीतरी मुद्दाम हातातून पाडलं असतं."

पुढे घड्याळं. एकावर दोन घोडे, एक रथ, चार पऱ्या आणि सोन्याचे ढग. साडूला त्यात वेळ कुठे दिसते ते शोधायला चष्मा लावावा लागला. एका परीच्या टाचेखाली काटे सापडले. बंद होते.

असं करत करत किती खोल्या झाल्या कुणास ठाऊक. मिस्त्रीणबाईची कंबर बोलू लागली. ती एका हाताने कंबर धरून, दुसऱ्या हाताने भिंत चाचपत चालत होती. टेकायला मात्र कुठे जागा नाही. खोल्याखोल्यांतून खुर्च्याच खुर्च्या, मखमली, रेशमी, सोनेरी पायांच्या, वाघनखांच्या. आणि प्रत्येकीपुढे लाल दोरी. प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात एक पहारेकरी, आणि तो मात्र प्लॅस्टिकच्या स्टुलावर.

"एवढ्या खुर्च्या आणि बसायला एक नाही," मिस्त्रीणबाई म्हणाली. "अगदी आपल्या घरासारखं वाटतंय हो."

टोमणा कुणाला होता ते कळायला यंत्राची गरज नव्हती. मिस्त्री पुढच्या खोलीत शिरला.

आणि तिथे थांबला.

खिडकीशी बुटक्या चौथऱ्यावर एकच खुर्ची होती. तिला नक्षी बेताची. हात बारीक, पाय बारीक, पाठ जरा मागे झुकलेली, आणि बैठक अशी भरलेली की जणू आताच कुणी फुंकर मारून फुगवली आहे. कोपरे धारदार, मधला उंचवटा चारी बाजूंना सारखा उतरत गेलेला. कुठे सुरकुती नाही, कुठे खड्डा नाही. नुकतीच फरशी पुसून झाली होती. पुसणाऱ्याने दोरीचं एक टोक सोडून बाजूला टाकलं होतं आणि तो बादली घेऊन पुढच्या खोलीत गेला होता. कोपऱ्यातली पहारेकरीण त्याला दारातून ओरडून सांगत होती, "अरे, दोरी लावायची कुणी?"

मिस्त्री खुर्चीच्या एका बाजूने फिरला, मग दुसऱ्या बाजूने. मग त्याने साडूच्या कानातलं यंत्र चक्क बाजूला केलं आणि त्या अख्ख्या प्रवासातलं पहिलं भाषण केलं.

"हे बघा. हे काम. घोड्याच्या शेपटीचे केस असतात आत. ते हाताने पिंजायचे, मूठमूठ बसवायचे, वर कापड, मग लांब सुईने टाके घेत कड उभी करायची. ही कड बघा. कड म्हणतात हिला. एवढ्या वर्षांत बसली नाही. ज्याने भरली ना त्याच्या हाताला..." त्याने कडेवरून हवेतच बोट फिरवलं. "आज कोण करतो एवढं? फोम कापतात, कोंबतात, झालं. जीव लावायला लागतो याला. ओढ लागते."

साडू "वा, वा" म्हणाला आणि यंत्र पुन्हा कानाला लावलं.

मिस्त्रीचं तिकडे लक्षच नव्हतं. तो आता संग्रहालयात नव्हता. तो दुकानात होता. समोर पुरी झालेली खुर्ची होती. आणि पुरी झालेल्या खुर्चीचं पुढे काय करायचं ते त्याच्या हातांना माहीत होतं. त्याने बोटांच्या पेरांनी चौथऱ्याच्या लाकडावर दोनदा टकटक केलं आणि मागे न बघता म्हणाला, "बस बघू."

मिस्त्रीणबाई मागे खिडकीला टेकून उभी होती. तिने टकटक ऐकलं, हात झटकले, चौथऱ्यावर चढली आणि खुर्चीवर बसली. डोळे मिटले.

कुठेतरी पीं पीं पीं सुरू झालं.

"ओ बाई!" पहारेकरीण धावत आली. "उठा! उठा तिथनं!"

"थांबा हो जरा," मिस्त्रीणबाई डोळे न उघडता म्हणाली. मग तिने निकाल दिला. "फोम."

"काय?" मिस्त्री म्हणाला.

"फोम आहे. तोही पातळ. खाली फळी लागते. पट्टे नाहीतच." आणि मग तिने डोळे उघडले, समोर लालबुंद झालेली पहारेकरीण बघितली, आपण कुठे आहोत ते तिच्या लक्षात आलं आणि ती म्हणाली, "अगं बाई."

ती उठायला गेली आणि अर्ध्यावरून परत खाली बसली. कमरेत उसण भरली होती. खुर्ची बुटकी, चौथरा निसरडा. तिने हातांवर जोर देण्यासाठी खुर्चीचे हात धरले तशी पहारेकरीण किंचाळली, "हातांवर नको! ते नाजूक आहेत!"

"मग कशावर जोर देऊ? तुमच्या डोक्यावर?"

पहारेकरणीचीही पंचाईत झाली. बाईला ओढावं तर खुर्ची खेचली जाणार, न ओढावं तर बाई बसून राहणार. तिने कमरेचा वॉकीटॉकी काढला आणि संग्रहालयाच्या मॅडमना बोलावलं. मग साडूकडे वळली. "तुम्ही यांच्याबरोबर आहात का?"

"आमच्या टूरमध्ये आहेत," साडू म्हणाला आणि भिंतीवरच्या एका आरशाची माहिती यंत्रावर ऐकू लागला.

"टूरमध्ये!" ताई म्हणाली. "माझी सख्खी बहीण आहे हो ती. आणि हे आमचे मिस्टर, घाबरलेत. ओळख द्यायला जरा वेळ लागेल त्यांना."

मॅडम आल्या. चष्मा, गळ्यात ओळखपत्र, शांत आवाज. पीं पीं त्यांनीच कुठूनसं बंद केलं. आधी खुर्चीचे पाय बघितले, मग मिस्त्रीणबाईचे.

"तुम्हाला बसायला कुणी सांगितलं?"

मिस्त्रीणबाईने बोट दाखवलं. "यांनी."

"तुम्ही का सांगितलंत?"

"सवय," मिस्त्री म्हणाला. मग त्याला राहवेना. "मॅडम, आत फोम आहे का हो?"

"आहे ना. जुनं भरण आम्ही काढून खाली पेटीत जपून ठेवलंय. हा फोम फक्त आकार दिसावा म्हणून, मापाने कापून घेतलाय. बसण्यासाठी नाहीच तो." मॅडमनी मिस्त्रीणबाईकडे कौतुकाने बघितलं. "तुमच्या बरं लक्षात आलं."

"मला नाही आलं. ज्या भागाला आलं त्याचं नाव तुमच्यासमोर घेत नाही," मिस्त्रीणबाई म्हणाली.

मिस्त्री कानापर्यंत लाल झाला. एवढा वेळ तो फोमला मुजरा करत उभा होता आणि अख्ख्या जगाला ऐकू जाईल असं भाषण ठोकून बसला होता.

"उठा आता हळूच," मॅडम म्हणाल्या.

आणि मिस्त्रीणबाई उठली नाही. तिच्या कमरेतली उसण तोवर निघाली होती. ते तिच्या पावलांवरून मिस्त्रीला कळलं, कारण दोन्ही पावलं आता सरळ, चौथऱ्यावर नीट टेकलेली होती. पण ती मागे रेलली. हात मांडीवर घेतले.

"उठते. फक्त यांना एक विचारू द्या. मॅडम, हा माणूस आयुष्यभर खुर्च्या करत आला. प्रत्येक खुर्चीवर आधी मी बसले. मी नावं ठेवली तर उसवून पुन्हा भरली. डॉक्टरांकडे मी पास केलेली खुर्ची, वकिलाकडे मी पास केलेली खुर्ची. मेलेल्या माणसाचा फोटो ठेवायला एकांनी नेली, त्या खुर्चीवरसुद्धा आधी मी बसले. माझी कुठे आहे?"

"बाई, माझी नोकरी जाईल हो," पहारेकरीण म्हणाली.

"नाही जाणार. दोरी त्या बादलीवाल्याने सोडली. अहो, सांगा ना. माझी का नाही केलीत?"

"घरी बोलू," मिस्त्री म्हणाला.

"घरी तुमच्या तोंडात खिळे असतात."

"आता कुठे असतात?"

"नसले तरी असतात."

ताई हसली, आणि पहारेकरीणही तोंडावर हात ठेवून हसली. मॅडम खुर्चीच्या मागच्या पायावर नजर रोखून होत्या. मिस्त्रीने खिडकीबाहेर बघितलं, छताकडे बघितलं, साडूकडे बघितलं. साडू अजून आरसा ऐकत होता.

"गिऱ्हाईकं होती," तो म्हणाला.

"वर्षभर नाहीत."

"सामान नव्हतं."

"माळ्यावर पट्ट्यांची अख्खी गुंडाळी पडली आहे. माझ्या डोक्यावर पडली म्हणून मला माहीत. भाऊजी! तो फोन लावा हो दुकानवाल्याला, इथूनच लावा—"

"अंगठा," मिस्त्री म्हणाला.

"काय अंगठा?"

"धरत नाही. डावा." त्याने हात पुढे केला, जणू मॅडमनाच तपासायला दिला. "पट्टा सुटतो. पाचही बोटांनी धरला तरी सुटतो. सैल पट्ट्यावर खुर्ची करून द्यायची तर महिन्यात बसेल. त्यापेक्षा न केलेली बरी."

मिस्त्रीणबाई त्या अंगठ्याकडे बघत राहिली. "कधीपासून?"

"दुकान बंद करायच्या आधीपासून थोडं थोडं."

"आणि मला सांगितलंत कंटाळा आला."

"हं."

"मला वाटलं, माझा आला."

मिस्त्री नुसता हात पुढे करून उभा राहिला. मिस्त्रीणबाईने नाक ओढलं, आणि ताईला वाटलं आता ही रडणार. पण ती चिडली होती.

"वर्षभर! वर्षभर स्टुलावर बसून मी स्वतःला बोल लावला. ठोकता तरी येतं का?"

"उजव्या हाताला काय झालंय?"

"मग ओढायला मी आहे की. रोज भरलेली बादली उचलते, ओली चादर पिळते. पट्टा ओढता येणार नाही मला?"

"येणार नाही," मिस्त्री ताबडतोब म्हणाला.

"का?"

"चादर पिळली की पिळली. पट्टा ओढून धरावा लागतो. मी ठोकेपर्यंत. हलायचं नाही."

"बघूच," मिस्त्रीणबाई म्हणाली. "आता उठवा मला."

मिस्त्री चौथऱ्याशी गेला. तिच्या पावलांना आपली पावलं लावली, कोपरांखाली दोन्ही हात घातले, आणि ती खुर्चीच्या हातांना न शिवता सरळ वर आली. मॅडमनी सुटकेचा श्वास टाकला. पहारेकरणीने आधी दोरी लावली आणि मग श्वास टाकला.

पुढे मॅडमनी त्यांना आपल्या खोलीत नेऊन समज दिली. जुनं लाकूड किती नाजूक असतं ते सांगितलं. पुन्हा जरूर या म्हणाल्या, पण बसू नका म्हणाल्या. मिस्त्रीने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "ते जुनं भरण बघायला मिळेल का?" मॅडम म्हणाल्या, "आज नको." त्यांचंही बरोबर होतं.

बाहेरच्या बागेत लोखंडी बाकं होती. त्यांच्यावर बसायला कुणाची हरकत नव्हती. टूरची गाडी यायची होती. साडूला आता पुन्हा सगळ्यांची ओळख पटली होती.

"मग मेहुणीबाई," तो फोन काढून म्हणाला, "काय सांगू त्याला?"

"नको म्हणून सांगा."

"अहो, पण विचार करा. पाय वर येतात."

"माझे पाय खालीच बरे आहेत, भाऊजी. जरा तुमची बॅग द्या."

साडूच्या बॅगेला खांद्यावर अडकवायचा रुंद पट्टा होता. मिस्त्रीणबाईने दोन्ही टोकांच्या कड्या सोडून तो काढला. "अहो, काय करताय? माझी नवी बॅग आहे!" साडू म्हणत राहिला. तिने पट्ट्याचं एक टोक बाकाच्या एका दांडीला बांधलं, पट्टा दुसऱ्या दांडीवरून घेतला, उरलेलं टोक हाताला गुंडाळलं आणि ओढला.

"ठोका," ती म्हणाली.

मिस्त्रीने दांडीपाशी, जिथे खिळा आला असता तिथे, बोट टेकवलं. दुसऱ्या हाताच्या तळव्याने पट्ट्याचा मध्य दाबून बघितला.

"सैल."

तिने पुन्हा ओढला. मान ताठली, दात आवळले गेले.

"सैल."

"हात तुटायला आले माझे!"

"तुटू देत. पाठीतून ओढ. हातातून नाही. पाय लाव बाकाला."

"एवढं सगळं वर्षानुवर्षं करत होतात?"

"हं."

फाटकाशी गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. ताईने हाक मारली, साडू पट्टा परत मागत होता. मिस्त्रीणबाईने बाकाला पाय लावला, पट्टा हाताला अजून एक वेढा घेऊन पाठ मागे झोकली. मिस्त्रीने तळवा दाबला, किंचित थांबला, पुन्हा दाबला.

"आता थोडी ओढ कळतेय," तो म्हणाला. "सोडू नको. धरून ठेव. मी म्हणेपर्यंत."